सहावं बोट आणि कोळंबीचा दोरा

"अगो, कळलं का तुला? पलीकडच्या काकींच्या नातवाला सहा बोटं आहेत. डाव्या हाताला."

आमच्या नागावात खरी बातमी वर्तमानपत्रात येत नाही, वईवरून येते. माईंची सुपारीची वाडी आणि आमची वाडी यांच्यामधल्या वईला कमरेएवढी एक फट आहे. ती बुजवायचं दर पावसाळ्यानंतर ठरतं आणि दोन्ही घरच्या बायका ते होऊ देत नाहीत. फटीपलीकडे माई पाटावर बसून कोळंबी सोलत होत्या, शेजारी मांजर. अलीकडे मी, वाळत घालायच्या कपड्यांची बादली घेऊन. ते कपडे त्या दिवशी ऊन उतरल्यावर वाळत पडले.

"बारा दिवस हात दुपट्याबाहेर काढला नाही बघ त्यांनी. बारशाला मी मांडीवर घेतला तेव्हा दिसलं. करंगळीच्या बाहेरच्या अंगाला, एवढंसं. त्याला नखसुद्धा आहे."

"मग त्यात काय? हृतिक रोशनला नाहीत का दोन अंगठे?"

"तो हृतिक रोशन आहे. ही काकींची सून आहे." माईंनी एका कोळंबीचं डोकं पिरगळलं. "काकी म्हणतात, ग्रहण बाधलं. भाद्रपदातलं. सांगितलं होतं, सरळ पडून राहा, चिरू नको, कापू नको. तर हिने रात्री उठून दुधाची पिशवी कात्रीने कापली."

"कापल्यावर एक बोट कमी व्हायला हवं होतं, माई. वाढलं कसं?"

माईंचा हात थांबला. "तेही खरंच," त्या म्हणाल्या. मग एकदम सावरून, "पण तुला काय, जन्मभर शाळेत पोरांना झुरळं-बेडूक शिकवलेस, तुला सगळंच हसण्यावारी."

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतंच. बाळंतीण खोलीत पडून रडते, नवरा गप्प, आणि काकी येईल त्या पाहुण्याला दुधाच्या पिशवीची गोष्ट सांगतात, हे मला आधीच दुसऱ्या बाजूच्या वईवरून कळलं होतं. म्हणून मी बादली खाली ठेवली आणि माईंना पंचांगच काढायला लावलं.

"ग्रहण कधी होतं?"

"गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. रविवार होता."

"७ सप्टेंबर. रात्री अकरापासून सव्वाबारा उलटून जाईपर्यंत चंद्र लाल. तेव्हा तिला कितवा होता?"

"सातवा. डोहाळजेवण गणपतीआधीच उरकलं, पुढे पितृपक्ष म्हणून."

"आणि बाळ झालं नोव्हेंबरच्या मध्याला, दिवस भरून. म्हणजे गर्भ राहिला फेब्रुवारीच्या विशीत. आता मोजा. हात आधी नुसता फुगवटा असतो. पाचवा-सहावा आठवडा आला की त्याचा चपटा पंजा होतो. सहाव्यात पंज्याच्या आत बोटांच्या रेघा उमटतात. आठवा संपेपर्यंत बोटं सुटी. कुठला महिना आला?"

माई करंगळीपासून पेरं मोजू लागल्या. ओल्या बोटांनी मोजताना दोनदा चुकल्या. "चैत्र."

"पाडव्याला गुढी उभारलीत ना, त्या दिवशी त्या बाळाच्या अंगाला पंजा होता. रामनवमीला त्या पंज्यात बोटं आखून झाली होती, पाच की सहा तेही. हनुमान जयंतीनंतर चार-पाच दिवसांत ती सुटीसुद्धा झाली. भाद्रपदात चंद्राला काय व्हायचं ते होऊ दे, बोटांचा निकाल पाच महिने आधी लागला होता. ओठाचंही तसंच. लोक म्हणतात ना, ग्रहणात चिरलं की बाळाचा ओठ चिरलेला निघतो? वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या आसपास सांधला जातो. सातव्या महिन्यात तो कोण फाडणार?"

"पाडव्याला तर ती इथे नव्हतीच," माई हळूच म्हणाल्या. "माहेरी होती. दिवस गेलेत हे तिला तरी कुठे नीट ठाऊक होतं तेव्हा!"

सगळ्या प्रकरणात मला याचाच सर्वांत राग येतो. जे काही ठरतं ते बाईला स्वतःला कळायच्या सुमारास ठरून गेलेलं असतं, आणि जाब तिला विचारतात तो सातव्या-आठव्या महिन्यातल्या कात्रीचा.

"पण ठरवतं कोण गो? पाचच असावीत म्हणून?"

हा प्रश्न माईंनी विचारला नसता तर मी पुढचं बोललेच नसते, असं म्हणायला आवडलं असतं. पण मी बोललेच असते. अमेरिकेत जॉन साँडर्स आणि मेरी गॅसलिंग यांनी कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडून गर्भाच्या पंखाचा कोंब पाहिला. त्या कोंबाच्या मागच्या कडेचा, म्हणजे आपल्या हाताच्या करंगळीकडच्या बाजूचा, एक कण उचलून दुसऱ्या कोंबाच्या पुढच्या कडेला, अंगठ्याच्या बाजूला लावला. पिलाच्या पंखात बोटं दुप्पट आली, आणि तीही आरशात दिसावीत तशी उलटसुलट. हे १९६८ सालचं. त्या कणातून काहीतरी पाझरतं आणि ते बोटांना सांगतं की तू कोण, हे तेव्हाच दिसलं होतं. ते 'काहीतरी' सापडायला १९९३ साल उजाडलं.

"सांगतं म्हणजे कसं? तोंड आहे त्याला?"

"माई, तुम्ही चुलीवर बोंबील तळायला घेता तेव्हा मला वईजवळ उभं राहून वास येतो तो किती, आमच्या ओटीवर येतो तो किती, आणि रस्त्यावरच्या देवळापाशी किती? डोळे मिटून मी सांगेन, मी कुठे उभी आहे ते. पेशींचं तसंच आहे. करंगळीच्या कडेला ते प्रथिन तयार होतं आणि पसरत जातं. जिथे दाट पोहोचतं तिथल्या पेशी करंगळीच्या वाटेला लागतात, जिथे विरळ तिथल्या मधल्या बोटांच्या, आणि जिथे जवळजवळ पोहोचतच नाही तिथे अंगठा. किती दाट आणि किती वेळ, दोन्ही मोजलं जातं."

माईंनी यावर मान डोलावली, कारण बोंबलाचा वास देवळापर्यंत जातो हे त्यांना आधीपासून मान्य आहे.

त्या प्रथिनाचं नाव 'सॉनिक हेजहॉग'. हे सांगितल्यावर माईंचा धाकटा नातू पडवीतून धावत आला. सॉनिक म्हणजे तो व्हिडिओ गेममधला निळा धावणारा? तोच. आधी माशीत एक जनुक सापडलं होतं, ते बिघडलं की अळीच्या अंगावर काटेच काटे येतात, म्हणून हेजहॉग. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत त्याची भावंडं निघाली, आणि हार्वर्डमधल्या टॅबिन यांच्या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट रिडल यांनी एकाला गेममधल्या पात्राचं नाव ठेवून दिलं. पुढे डॉक्टर मंडळी वैतागली. ज्याच्या बिघाडाने बाळाचा मेंदू दोन भागांत विभागलाच जात नाही, कधी कपाळाखाली एकच डोळा येतो, अशा गोष्टीबद्दल आईबापांशी बोलताना हे नाव घ्यायचं कसं? त्यांचं बरोबर आहे. पण नाव चिकटलं ते चिकटलं. गावातल्या टोपणनावांचं दुसरं काय होतं?

"म्हणजे आपल्या बाळाला हे जास्त झालं?"

"तसंच असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. करंगळीच्या बाजूच्या जादा बोटाची कारणं अनेक आहेत, तपासणीशिवाय बोलू नये. पण एक ठाऊक असलेलं कारण सांगते. हा निरोप पेशीच्या आत पोचला की तो ऐकून काम करणारं एक प्रथिन आहे, ग्ली-३. त्याच्या जनुकात खोट असली तर काही घराण्यांत करंगळीकडे जादा बोट येतं. अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येणारी काही घराणी आहेत, त्यांच्यात हेजहॉगचं जनुक अगदी धडधाकट असतं. बिघडलेलं असतं ते त्याचं बटण, हातात कुठे चालू व्हायचं ते सांगणारा डीएनएचा तुकडा. आणि तो जनुकापासून दहा लाख अक्षरं लांब, दुसऱ्याच जनुकाच्या पोटात पडलेला असतो."

"आणि सापाला?" पडवीतून नातू. पोरगं हुशार आहे, पण बैठक नाही.

सापाला तर हेच बटण मोडलंय. २०१६ मध्ये अमेरिकेत उंदराचं ते बटण काढून जागी सापाचं बसवलं, तर उंदराच्या पिलांना पायांऐवजी खुंट आले. अजगराच्या शेपटीच्या सुरुवातीला दोन नखं दिसतात ना, ते उरलेले पाय.

माईंचं मात्र सापाकडे लक्ष नव्हतं. 'घराण्यांत' या शब्दावर त्या अडल्या होत्या. कोळंबी बाजूला ठेवून त्यांनी पदराला हात पुसले. एवढ्या कोळंब्यांत पहिल्यांदाच.

"घराण्यांत म्हणजे बापाकडूनही येतं?"

"दोघांपैकी कोणाकडूनही. आणि एखाद्या पिढीत लपूनही राहतं."

"काकींच्या चुलत सासऱ्याला आम्ही लहानपणी सहाबोट्या म्हणायचो! मुंबईला गिरणीत होता. शिमग्याला आला की पोरं त्याच्या हाताला हात लावून पळायची. काकी लग्न होऊन आल्या तोवर तो गेलेला, त्यांना काय ठाऊक? अगो, म्हणजे दुधाची पिशवी नाहीच!"

पुढची पाच मिनिटं माईंनी त्या घराण्याची वंशावळ सांगितली. ती मी इथे देत नाही, कारण त्यातले बरेच लोक हयात आहेत आणि गावातच राहतात.

मग त्यांना शंका आली. माईंना शंका उशिरा येते पण पक्की येते. "पण गो, तुझं सगळं कोंबडीचं नि उंदराचं. कोंबडीवरनं माणसाचं कसं ठरवायचं?"

मी वईतून हात घालून त्यांच्या ताटातली एक सोललेली कोळंबी उचलली. पाठीवर चीर दिलेलीच होती.

"हा काळा दोरा काढून टाकता तो काय असतो?"

"घाण."

"आतडं. कुठे आहे? पाठीत. आता ही पोटाकडून बघा." नखाने पोटाकडचं पातळ मांस बाजूला केलं की तिथे एक पांढरट तंतू दिसतो, मध्ये मध्ये गाठी असलेला. शिजल्यावर तो कळतही नाही म्हणून कोणी काढत नाही. "ही तिची मज्जारज्जू. पोटात. आपलं बघा, मज्जारज्जू पाठीत आणि आतडी पुढे, पोटात. कोळंबी म्हणजे उताणा केलेला माणूस."

"इश्श!" माई म्हणाल्या. पण कोळंबी माझ्या हातातून घेऊन त्यांनी उजेडात धरली, उलटी केली, परत सुलटी केली. मांजराने आशेने वर पाहिलं.

ही कल्पना माझी नव्हे. पॅरिसमध्ये जोफ्र्वा सेंतिलेर नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने शेवंड चिरली, उताणी ठेवली, आणि १८२२ साली लिहून टाकलं की अशी धरली तर हिच्या अवयवांची रचना आपल्यासारखीच लागते. लोक हसले. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं हसत राहिले. १९९०च्या दशकात माशी आणि बेडूक यांच्या गर्भातल्या दोन प्रथिनांची जोडी उलगडली. एक बीएमपी, आणि दुसरं बीएमपीला अडवणारं, बेडकात त्याचं नाव कॉर्डिन. जिथे बीएमपी अडवलं जातं तिथे मज्जासंस्था होते. माशीच्या गर्भात ते पोटाकडे अडवलं जातं, बेडकाच्या गर्भात पाठीकडे. दोघांचं अडवणारं प्रथिन इतकं जवळचं की एकाचं दुसऱ्यात घातलं तरी काम करतं. म्हातारा बरोबर होता. जोडी तीच, फक्त बाजू बदललेली.

आणि हेच बीएमपी बाळाच्या हातातही आहे. चपट्या पंज्यात बोटांच्या मधल्या पेशींना 'आता मरा' असं हेच सांगतं, आणि त्या मरतात, म्हणून बोटं सुटी होतात. माईंच्या बदकांच्या पायात त्या जागी ग्रेमलिन नावाचं प्रथिन बीएमपीला अडवून धरतं, म्हणून पडदा राहतो आणि बदकं तळीत पोहतात. कोंबडीच्या गर्भात बीएमपी मुद्दाम अडवलं तर तिच्याही बोटांत पडदा राहतो, आणि पायावरच्या खवल्यांच्या जागी पिसं फुटतात. आडवेतिडवे हजार निरोप नाहीत, माई. मूठभरच आहेत. कोणता, कुठे, कधी, किती, एवढ्यावर कोळंबीची कोळंबी होते आणि काकींचा नातू काकींचा नातू होतो.

"आणि हे काय सगळं परदेशातच कळतं?"

नाही. पुण्याला लीला मुल्हेरकर होत्या. एडिंबरोला वॉडिंग्टन यांच्यासारख्या नामांकित शास्त्रज्ञाकडे गर्भविज्ञान शिकून आल्या आणि पुणे विद्यापीठात कोंबडीच्या गर्भावर काम उभं केलं. त्या काळी एखाद्या बाईने अंडी फोडून आत काय चाललंय ते बघत बसायचं म्हणजे घरच्यांना काय वाटलं असेल, याचा मी कधीकधी विचार करते. पुण्याच्याच आघारकर संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांनी हायड्रा पाळला. हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यातला जेमतेम दिसेलसा जीव, वर तोंड आणि भोवती हातांचं झुपकं. ना पाठ ना पोट. तुकडे केले तर बहुतेक तुकड्यांतून नवा होतो. त्याच्यात त्यांच्या गटाला बीएमपीला अडवणारं एक प्रथिन मिळालं, नॉगिन. जपानी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ते जनुक बेडकाच्या गर्भात वापरून पाहिलं, तर तिथेही ते आपलं काम करू लागलं. बेडकाला पाठ आहे, हायड्राला नाही. पाठ व्हायच्याही आधीपासून पाठीचं हत्यार तयार होतं म्हणायचं. हे मला फार आवडतं. का ते माईंना समजावता आलं नाही.

माशीचं त्यांना जास्त पटलं, कारण एक कोळंबीवर बसली होती. माशीला पंख किती? माई म्हणाल्या चार. दोनच असतात. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक दांडगोळे असतात, उडताना तोल सांभाळायला. तिथे 'अल्ट्राबायथोरॅक्स' नावाचं जनुक चालू असतं. ते बंद पडलं की दांडगोळ्यांचे पंख होतात आणि चार पंखांची माशी जन्माला येते. एड लुईस यांनी कॅलिफोर्नियात आयुष्यभर अशा माशा मोजल्या. १९९५चं नोबेल त्यांना मिळालं, सोबत क्रिस्तियाना न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांना. ते हेजहॉग शोधलं ते या दोघांनी. गंमत अशी की मधमाशीच्या मागच्या अंगातही हेच अल्ट्राबायथोरॅक्स चालू असतं आणि तरी तिथे छान पंख येतो. मग फरक कुठे? पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत एल. एस. शशिधरा यांच्या गटाने माशी, मधमाशी आणि रेशमाचा पतंग यांत हे जनुक पुढे कोणाकोणाला हुकूम देतं ते ताडून पाहिलं. हुकूम देणारा तोच राहतो, ऐकणारे बदलतात.

कोळंबीच्या पायांचीही वाटणी याच कुटुंबातली जनुकं करतात. तोंडाजवळचे पाय खाणं धरायला, मधल्या पाच जोड्या चालायला, शेपटीखालच्या पाच जोड्या पोहायला. कोळंबीच्या एका लांबच्या बारीकशा नातेवाइकात शेपटीकडचं जनुक बंद केलं, तर पोहायच्या पायांच्या जागी चालायचे पाय आले. माईंनी यावर ताटातले सगळे पाय एकत्र करून मांजराला दिले.

इतक्यात आक्षीची मावशी पाटी घेऊन आली. लेप होते. घेतले. मी एक लेप उताणा करून नातवाला दाखवला. खालची बाजू पांढरी, आंधळी. वरच्या बाजूला दोन्ही डोळे, शेजारी शेजारी. अंड्यातून बाहेर येतं तेव्हा लेपाचं पिलू इतर माशांसारखं उभं पोहतं, डोळे दोन बाजूंना. काही आठवड्यांनी उजवा डोळा डोक्यावरून चालत डाव्या बाजूला येतो आणि मासा कुशीवर पडतो तो कायमचा.

"कोण चालवतं त्याला?"

"थायरॉइड. तुम्ही सकाळी उपाशीपोटी गोळी घेता ना, तेच संप्रेरक. माशाच्या अंगात ते वाढलं की डोळा निघतो. ते होऊच दिलं नाही तर पिलू तसंच उभं पोहत राहतं."

माईंनी आपल्या डोळ्यांना हात लावून पाहिला. मावशी जी हसली ती हसतच पुढच्या वाडीत गेली.

"बरं, ग्रहण नाही," माई म्हणाल्या. "पण म्हणजे बाहेरचं काहीच बाधत नाही का बाईला?"

बाधतं, आणि ते सांगायला कोणी वईवर येत नाही. भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्रियंवदा मोहंती-हेजमाडी होत्या. ओडिसी नृत्यातलं मोठं नाव, आणि प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांनी बेडकाच्या पिलांच्या शेपट्या कापल्या आणि पिलांना अ-जीवनसत्त्वाच्या पाण्यात ठेवलं. शेपटी परत वाढायला हवी होती. शेपटीच्या जागी पाय आले. एक नाही, अनेक. १९९२ साली ते 'नेचर'मध्ये छापून आलं. अ-जीवनसत्त्वापासून अंगात जो रेणू तयार होतो, तो गर्भातल्या पेशींना 'तू कुठल्या भागातली' हे सांगणाऱ्यांपैकी एक आहे. तो भलत्या वेळी, भलत्या मापात आला की पेशीचा पत्ता चुकतो.

"बेडकाचं राहू दे. बाईला काय?"

"तुमची धाकटी नात पुण्याला मुरुमांची कसली गोळी घेते म्हणत होतात?"

"कुठलीशी. फार उजळलाय तिचा चेहरा. छान झालाय."

"तिला नाव विचारा. आयसोट्रेटिनॉइन असेल तर ती त्याच रेणूची सख्खी बहीण आहे. ती चालू असताना दिवस राहता कामा नयेत, डॉक्टर तसं बजावून देतात. तिने ऐकलंय ना तेवढं विचारा. आणि थोरलीचं लग्न माघात आहे. तिला फॉलिक ॲसिडची गोळी आतापासून, दिवस राहायच्या आधीपासून सुरू करायला सांगा. बाळाची मज्जारज्जू जिच्यातून होते ती नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन खात्री होईपर्यंत बहुधा ती मिटलेली असते, नाहीतर उघडी राहिलेली. ज्यांचं आधीचं मूल तसं झालं होतं अशा बायकांवर ब्रिटनच्या पुढाकाराने मोठी चाचणी झाली. १९९१ मध्ये निकाल आला, फॉलिक ॲसिडने धोका जवळजवळ तीन-चतुर्थांश कमी झाला. आणि तुमच्या थायरॉइडचं तिच्याकडे आलंय का तेही तपासून घ्या, पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉइडवर असतं."

माईंनी नातवाला आत पाठवून वही आणायला लावली. फॉलिक ॲसिड त्यांनी माझ्याकडून अक्षरं विचारून लिहून घेतलं, खाली मुरुमांच्या गोळीचं नाव, आणि दोन्हींच्या मध्ये आजच्या कोळंबीचा हिशेब.

"काकींना सांगशील तू?"

"तुम्ही सांगा. सहाबोट्याचं तुमच्याकडूनच ऐकतील त्या. मी सांगितलं तर म्हणतील, शिकलेल्या बायकांना देव-धर्म नाही. पण आधी सुनेला सांगा, मग काकींना. आणि डॉक्टर काय म्हणाले बोटाचं?"

"फोटो काढून बघतील म्हणे, हाड आहे का नुसतं मांस आहे. हाड असलं तर पोर वर्षाचं झाल्यावर काढू म्हणाले. काकींना तर तेही नको. आता म्हणतात, राहू दे, सहा बोटांचा नशीबवान असतो."

"पाडव्याचं बाधलं की भाद्रपदाचं, ते आधी ठरवू दे त्यांना."

माई खुदकन हसल्या. मग गंभीर झाल्या. "नशीबवान कसला! तो सहाबोट्या मुंबईला गेला तो गेलाच. तिथे दुसरं घर केलं त्याने. इथली बायको वाट बघून बघून म्हातारी झाली."

"ते काही जनुकात नसतं, माई."

"नसतं कसं? त्याच्या पुतण्याचं काय झालं ते तुला ठाऊक नाही वाटतं," माई म्हणाल्या आणि कोळंबीचा दुसरा वाटा त्यांनी पुढ्यात ओढला.